बाहुलीच्या केसांना लोकर किती लागेल?

अंदाज डोक्याच्या घेरावरून बांधू नका, भांगावरून बांधा. मधल्या भांगाचे केस असतील, तर कपाळापासून मानेपर्यंतचा भांग टेपने मोजा. समजा तो 15 सेंमी आहे. मध्यम जाडीची लोकर 1 सेंमीत साधारण 4 धागे बसते, म्हणजे 60 धागे. प्रत्येक धागा भांगावरून दोन्ही बाजूंना उतरतो, म्हणून 25 सेंमी लांब केसांसाठी तो 50 सेंमीचा हवा. झाले 30 मीटर. एका थरात मागचे कापड हमखास दिसते. दोन थर धरा, 60 मीटर. टोके कापण्यासाठी 20 टक्के वाढवा: 72 मीटर.

आता वजन. 20 मीटर लोकर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. 8 ग्रॅम भरली तर एकूण 29 ग्रॅम लागेल. एक-दोन मीटरच तोलले तर काट्याची चूक एकूण हिशेबात कित्येक पट वाढते.

धागे उकलून विंचरणार असाल तर हा हिशेब पुरत नाही, कारण बरेच तंतू कंगव्यात जातात. आधी त्याच लोकरीच्या केसांची 5 सेंमी नमुना पट्टी करून विंचरण्यापूर्वी आणि नंतर तोला, आणि त्या प्रमाणात घट धरून लोकर वाढवा. लोकर मात्र एकाच लॉटची (एकाच वेळी रंगवलेली), एकदमच घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा भांगाजवळ लगेच उठून दिसते.