तालमीतलं घरात आणायचं तर

वडोदऱ्यात शिकवणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. प्रो. माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या नावाने वाढवलेलं जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलंच, आणि आता जोडीला कराटे, ज्युदो, तायक्वांदोचे क्लास ठिकठिकाणी. तरीही तीन-चार वर्षं क्लासच्या गादीवर लोळलेला मुलगा ओल्या कोटा फरशीवर घसरला की हात मागे टाकतो आणि मनगट मोडून घेतो. शिकवण्यात खोट असतेच असं नाही. शरीर जे शिकतं ते जागेसकट शिकतं: अनवाणी पाय, मऊ जमीन, मोकळे हात. घरात पायात चपला, खाली फरशी आणि हातात दुधाची पिशवी. तालमीतलं घरी यायला हवं असेल तर मधला एक टप्पा मुद्दाम घालावा लागतो, आणि तो बहुतेक क्लासांत नसतो.

आधी पडणं

रोजच्या आयुष्यात ठोसा मारायची वेळ क्वचित येते. पडायची वेळ मात्र प्रत्येकावर येते. ज्युदोत पडण्याच्या सरावाला उकेमी म्हणतात आणि नवख्याला सगळ्यात आधी तोच शिकवतात. क्लासला जात नसाल तर मागे पडणं एवढंच घरी शिका, बाकीचं शिक्षकासमोर.

दोन गाद्या एकावर एक घाला, भिंत आणि पलंगाचा कोपरा चार हात लांब ठेवा. पहिला आठवडा नुसतं उताणं झोपून: हनुवटी छातीला लावा, नजर शर्टाच्या शेवटच्या बटणावर. दोन्ही हात छातीवर फुली करून घ्या आणि तिथून गादीवर आपटा, तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम, अंगापासून साधारण 45 अंशांवर. दहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात उकिडवं बसून: कुल्ले टाचेजवळ टेकवा, पाठ गोल करून मागे लोळा, खांदे टेकताक्षणी हात आपटा. उभं राहून पडायची घाई नको. उकिडव्यातून सलग दहा वेळा डोकं गादीला लागलं नाही तरच पुढे.

चुका ठरलेल्या. हनुवटी सुटली की डोकं मागे झटकतं. हात खांद्याच्या रेषेत गेले तर सगळा मार खांद्यावर येतो. कोपर ताठ ठेवून हात मागे टेकला की मनगट गेलंच. श्वास कोंडला की पाठ लाकडासारखी होते आणि गोल वळत नाही. म्हणून पडताना तोंडाने 'हा' करून श्वास सोडा.

आता मधला टप्पा. तोच सराव रोजच्या कपड्यांत आणि चपला घालून (गादीवर जुनी चादर टाका, नाहीतर घरचे ओरडतील). मग हातात पिशवी घ्या, आत दोन कांदे. उकिडवं बसा, मागे जा, आणि जाताना पिशवी सोडा. सोपं वाटतं, पण पहिल्या पाच-सहा वेळा पिशवी सुटणारच नाही. माणूस पडताना डबा, मोबाईल, ताट वाचवतो आणि डोकं आपटून घेतो. मूठ उघडण्याची सवय हाच या सगळ्यातला सर्वात कामाचा धडा आहे. आणखी एक फरक: खऱ्या फरशीवर हात जोराने आपटायचा नाही, हाडाला लागेल. तिथे हनुवटी आत, कोपरं वाकलेली, पाठ गोल आणि कुल्ल्याच्या मांसल भागावरून लोळणं एवढंच.

पाय

उतरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आगाशीवर (गच्चीवर) पतंग उडवताना काय होतं ते आठवा. मान वर, हातात मांजा, आणि माणूस मागे मागे सरकतोय. कुस्तीत आणि लाठीत मागे जाताना पाय उचलून टाकत नाहीत आणि एकमेकांवरून ओलांडत नाहीत. मागचा पाय चवड्यावर घासत न्यायचा, जमीन पक्की कळली की वजन द्यायचं, मग पुढचा पाय तेवढाच ओढायचा. पाऊल वीतभरच. फिरकीला किंवा विटेला टाच लागली की थांबायचं, खाली बघायचं. हा सराव घरातल्या लांब खोलीत छताकडे बघत दिवसाला पाच फेऱ्या, पंधरा दिवस. मात्र पॅरापेट कमरेखाली असेल तर कुठलाही पैंतरा वाचवत नाही. तिथे कठड्यापासून चार पावलं आत राहूनच पतंग उडवायचा.

उचलणं

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं, ते साधारण पंधरा-सोळा किलो. म्हणजे भरलेला तीस किलोच्या आसपास. शक्यतो उचलूच नका. वरच्या कड्याला धरून थोडा कलता करा आणि बुडाच्या कडेवर फिरवत न्या. पायरी चढवायचीच असेल तर पहिलवान समोरच्याचे पाय धरायला पटात शिरतो तसं शिरा: पाय खांद्याएवढे फाकलेले, एक पाऊल थोडं पुढे, कंबर खाली, पाठ सरळ, आणि टाकी मांड्यांच्या मध्ये. हात लांब करून उचललं की तेच वजन कमरेला कितीतरी जड पडतं. श्वास सोडत पायांनी उठा. वळायचं असेल तर पाऊल टाकून वळा. कंबर बहुतेक वेळा इथेच धरते: उचलणं नीट होतं आणि ठेवताना धड पिळलं जातं.

नजर

लाठीत टोकाकडे बघणारा मार खातो, कारण टोक सगळ्यात शेवटी दिसतं. खांद्याकडे बघायचं. जुन्या शहरात मांडवीच्या बाजूच्या अरुंद गल्ल्यांतून स्कूटर चालवताना हेच लावा: उभ्या रिक्षाच्या ड्रायव्हरच्या तोंडाकडे नाही, पुढच्या चाकाकडे बघा. वळायचं असेल तर चाक आधी बोलतं.

भांडण

पार्किंगवरून आवाज चढला की समोरच्यापासून हातभर आणि वर एक पाऊल अंतर ठेवा. एक पाय मागे, दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, जणू "अहो काका, राहू द्या ना" म्हणताय. बघणाऱ्याला ती विनवणी दिसते, पण चेहऱ्यासमोर हात आधीच आलेले असतात. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, आणि बोलायचं ते श्वास सोडतानाच, म्हणजे आवाज चढत नाही. बोट दाखवू नका. निघून जायला वाट असेल तर जा; क्लासचा पट्टा कुठल्या रंगाचा आहे हे त्या काकांना माहीत नसतं.

घरातली मोठी माणसं

साठीच्या पुढे, हाडं ठिसूळ असतील किंवा चक्कर येत असेल तर पडण्याचा सराव अजिबात नको. त्यांना उठणं शिकवा. त्यातही मन घट्ट करून आधी मिनिटभर नुसतं पडून राहायचं, कुठे दुखतंय ते बघायचं. कंबर किंवा मांडी दुखत असेल, पाय हलत नसेल तर हलायचंच नाही, हाक मारायची. ठीक असेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग गुडघ्या-हातांवर यायचं. तसंच खुर्चीपर्यंत सरकायचं, दोन्ही तळवे बैठकीवर ठेवायचे, जो पाय बळकट तो पुढे टेकवायचा, रेटून वर आणि वळून बसायचं. आठवड्यातून दोनदा, सतरंजीवर, कोणीतरी शेजारी असताना. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, चाकांची किंवा प्लॅस्टिकची हलकी घेऊ नका.