स्लाऊ, लँगली आणि आसपास: नवीन येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

ऑफिस पॅडिंग्टनला नाहीतर कॅनरी व्हार्फला, व्हिसा हातात, आणि लंडनमधली भाडी बघून डोळे पांढरे झालेले. अशा वेळी कुणीतरी मेसेज करतंच, "ताई, स्लाऊ कसं आहे हो राहायला?" प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. स्लाऊ म्हणजे लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोजवळचं गाव, आणि लँगली त्याचाच एक भाग. उच्चार स्लाऊ बरं का, स्लॉ नाही आणि स्लफ तर अजिबात नाही, आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी तिकीट खिडकीवर स्लफ म्हणून मागितलं होतं, अजून घरात चिडवतो आम्ही.

मी मूळची डोंबिवलीची. त्यामुळे मला हे गाव लगेच कळलं. दादर-पार्ल्याची माणसं डोंबिवलीचं नाव काढलं की जशी हसतात तशीच इंग्रज माणसं स्लाऊवर हसतात. हसू देत. संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी बघा, पाठीला सॅक, हातात भाजीची पिशवी, पाय झपझप, फक्त वडापावची गाडी तेवढी नाही. गाव दिसायला सुंदर वगैरे नाहीये, उगाच खोटं कशाला सांगू. हाय स्ट्रीटवर बरीच दुकानं बंद आहेत. १९२० पासूनची भलीमोठी ट्रेडिंग इस्टेट आहे, मार्स चॉकलेट इथेच १९३२ मधे पहिल्यांदा बनलं, आणि आपण लहानपणी नाक दाबून प्यायलो त्या हॉर्लिक्सची लाल विटांची फॅक्टरी स्टेशनजवळच आहे, आता तिथे फ्लॅट झालेत. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणते, बघ, तिथे जाऊन पण हॉर्लिक्सने पाठ सोडली नाही तुझी.

आता मुद्द्याचं. घर शोधताना सगळे फक्त भाडं बघतात आणि तिथेच फसतात. स्टेशनपासून पायी किती मिनिटं ते आधी बघा, आणि एजंटने सांगितलेली मिनिटं नाही, स्वतः चालून बघा, तेही शक्यतो संध्याकाळी. जूनमधे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो तेव्हा अर्धा तास चालणं म्हणजे मस्त फेरफटका वाटतो, पण डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, वरून बारीक पाऊस, वारा आडवा, छत्री उलटी, तेव्हा तोच अर्धा तास नकोसा होतो. आम्ही पहिलं घर महिन्याला शंभर पाउंड स्वस्त मिळालं म्हणून स्टेशनपासून लांब घेतलं, मग बसचा पास आला, उशीर झाला की टॅक्सी आली, शेवटी जुनी गाडी घ्यावी लागली आणि तिच्या इन्शुरन्सने सगळी बचत खाल्ली. दुसरं घर लँगलीत घेतलं, स्टेशनपासून आठ मिनिटं. भाडं जास्त आहे पण महिन्याचा एकूण खर्च कमीच झाला.

गाड्यांचं गणित असं. एलिझाबेथ लाइन, म्हणजे लंडनची नवी लोकल, नोव्हेंबर २०२२ पासून इथून थेट लंडनच्या पोटातून जाते, कॅनरी व्हार्फपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. लँगली, बर्नम ही छोटी स्टेशनं मुख्यतः हिच्यावरच चालतात. स्लाऊला ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीच्या फास्ट गाड्या पण थांबतात, त्या पंधरा-वीस मिनिटांत पॅडिंग्टनला नेतात, एलिझाबेथला अर्ध्या तासाच्या आसपास लागतात. आपल्या स्लो-फास्ट सारखंच आहे म्हणा ना. पण ऑफिस टॉटनम कोर्ट रोड, लिव्हरपूल स्ट्रीट अशा बाजूला असेल तर फास्टने जाऊन पॅडिंग्टनला जिने चढउतार करण्यापेक्षा एलिझाबेथमधे बसून राहिलेलं बरं, जागा पण मिळते.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनचं प्रवासाचं प्रीपेड कार्ड, गाडीत वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं, त्याच्या पुढे आयव्हर, लँगली, स्लाऊला नाही चालत. काँटॅक्टलेस बँक कार्ड चालतं. आणि सकाळी कार्डाने टॅप करून उतरताना फोनने टॅप करू नका, कार्ड तेच असलं तरी सिस्टिमला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन्हीकडून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. गंमत म्हणजे स्लाऊहून हाउन्स्लोला जाणारी ८१ नंबरची लाल बस लंडनची आहे, तिच्यात ऑयस्टर चालतं! का ते विचारू नका, असं आहे.

शनिवार-रविवारी कुठे जायचं असेल तर आधी अ‍ॅप बघा. ओल्ड ओक कॉमनला एचएस२ या नव्या हायस्पीड रेल्वेचं स्टेशन बांधतायत, त्यामुळे पॅडिंग्टनची लाइन अधूनमधून बंद असते आणि मग रिप्लेसमेंट बस, म्हणजे आपला मेगाब्लॉकच. गाडी पंधरा मिनिटं किंवा जास्त लेट झाली तर ग्रेट वेस्टर्नकडे डिले रिपे, म्हणजे उशिराची भरपाई, मागता येते, तिकिटाचा फोटो काढून ठेवायची सवय लावा, आपल्याकडचे बरेच जण आळसाने सोडून देतात.

भाड्याचं. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते ३० दिवसांच्या आत सरकारमान्य स्कीममधे ठेवावंच लागतं, त्याचा कागद मागून घ्या. घर राखून ठेवायला एक आठवड्याचं भाडं, त्यापलीकडे अ‍ॅडमिन फी, चेकिंग फी वगैरे कुणी मागितली तर ती २०१९ च्या कायद्याने बंद झालीय असं सरळ सांगा. आमच्याकडून पहिल्या एजंटने घर सोडताना ओव्हन साफ नाही म्हणून मोठी रक्कम कापायचा प्रयत्न केला होता, आत शिरताना काढलेले फोटो होते म्हणून वाचलो. ओव्हनच्या आतला पण फोटो काढा. हो, आतला.

घर बघायला दोनदा जा, वेगवेगळ्या दिवशी. हीथ्रो शेजारीच आहे आणि विमानांची दिशा वाऱ्याप्रमाणे बदलते, त्यामुळे पहिल्या दिवशी अगदी शांत वाटलेल्या गल्लीत दुसऱ्या दिवशी फोनवर बोलता येत नाही असं होतं. पहाटे साडेचारच्या सुमारास पहिली विमानं उतरायला लागतात. आम्हाला आता ऐकू येत नाहीत, सासूबाई आल्या की रोज मोजतात.

काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या पालिकेचा घरावरचा कर, भाड्यात धरलेला नसतो हे पण आधीच विचारात घ्या. स्लाऊच्या काउन्सिलने २०२१ मधे हात वर केले होते, म्हणजे पैसे संपले असं अधिकृतपणे जाहीर केलं, आणि २०२३ मधे टॅक्स एका फटक्यात ९.९९ टक्के वाढवला. घराचा बँड, म्हणजे टॅक्सचा गट, कोणता ते ऑनलाइन दिसतं. एकटे राहणार असाल तर २५ टक्के सूट मिळते पण अर्ज करावा लागतो, आपोआप कुणी देत नाही.

थंडीत बिल वाचवायला हीटिंग बंद ठेवून, खिडक्या घट्ट लावून, रेडिएटरवर कपडे वाळत घालायचे हा आपला सगळ्यांचा पहिल्या वर्षीचा पराक्रम. फेब्रुवारीत कपाटामागे काळी बुरशी. आमच्या बॉक्स रूमची एक भिंत पूर्ण गेली होती, मुलीचा खोकला महिनाभर हटेना. रोज दहा मिनिटं खिडकी उघडा, कितीही थंडी असो, आणि हीटिंग थोडं थोडं चालू ठेवा. फोडणी देताना मात्र आधी एक्झॉस्ट लावा आणि स्वयंपाकघराचं दार बंद करा, नाहीतर स्मोक अलार्म आणि मोहरी एकदमच तडतडतात.

आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. व्हिसाबरोबर सरकारी आरोग्यसेवेचा सरचार्ज भरलेलाच असतो त्यामुळे तपासणीचे पैसे नाहीत, औषधाच्या प्रिस्क्रिप्शनचे मोठ्यांना लागतात, मुलांना नाही. अपॉइंटमेंट लगेच मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. सर्दी-खोकल्याला केमिस्टलाच विचारायचं, रात्री-बेरात्री १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करायचा, हळूहळू जमतं.

मुलं असतील तर स्लाऊचं खरं आकर्षण वेगळंच आहे, इथे चार ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षेने मुलं निवडणाऱ्या सरकारी सेकंडरी शाळा, आहेत आणि प्रवेश इलेव्हन प्लस नावाच्या परीक्षेवर. इथल्या सहावीच्या (इयर सिक्स) सुरुवातीला सप्टेंबरात परीक्षा असते. त्यासाठी पार लंडनमधून मुलं येतात, ट्यूशनचा धंदा जोरात आहे, आपल्या स्कॉलरशिप परीक्षेची आठवण येईल. माझं स्पष्ट मत, चौथीतल्या पोराला रविवारी सकाळी ट्यूशनला पाठवणं मला पटत नाही, पण इथे असं म्हटलं की बाकीच्या आया माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. सेकंडरीचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, प्रायमरीचा १५ जानेवारीपर्यंत, या तारखा चुकवू नका.

गाडी चालवायला भारतीय लायसन्स पहिले १२ महिने चालतं, मग इथलं काढावं लागतं आणि टेस्टच्या तारखा मिळायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, लवकर मागवा. स्वस्तात मिळतेय म्हणून जुनी डिझेल गाडी घेऊ नका. स्लाऊ युलेझच्या, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणाऱ्या लंडनच्या हद्दीच्या, बाहेर आहे पण शेजारचं हिलिंग्डन आत आहे, सीमा ओलांडली की दिवसाला साडेबारा पाउंड.

करमणुकीला विंडसर एक स्टेशन, सहा मिनिटं, पाहुणे आले की आम्ही राजवाडा आपलाच असल्यासारखा दाखवतो. फार्नम रोडवर भाज्या, मेथी, कोथिंबीर सगळं मिळतं. महाराष्ट्र मंडळ लंडन, १९३२ चं, डॉलिस हिलला आहे, इथून जरा लांब पडतं पण गणपतीत जाच.

सामानात गोडा मसाला, भाजणी, बाकरवडी भरा. पेढे, तूप, खवा नको, दुधाचे पदार्थ आणायला परवानगी नाही. आणि जड अ‍ॅल्युमिनियमचा कुकर बॅगेत कोंबण्याआधी घरातला हॉब, म्हणजे शेगडी, गॅसचा आहे की इंडक्शनचा ते एजंटला विचारा, इंडक्शनवर साधं अॅल्युमिनियम तापत नाही, आमचा कुकर तीन वर्षं माळ्यावर होता, त्यात आता कांदे ठेवतो.