ग्वाल्हेरहून पहिली सफारी? शिवपुरीला जा, पण आदल्या रात्रीच

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून पहाटे निघून सकाळची सफारी पकडू असं बरेच जण ठरवतात, पण शिवपुरी ११०-१२० किलोमीटर आहे, थंडीत रस्त्यावर धुकं असतं आणि जंगलातला सगळ्यात भारी वेळ म्हणजे पहिला तास, तोच हुकतो. म्हणून मुक्काम तिथेच करा. शिवपुरीचं माधव नॅशनल पार्क आता टायगर रिझर्व्ह आहे, २०२३ मध्ये तिथे वाघ आणून सोडले, पण पहिल्याच फेरीत वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट मुलांच्या डोक्यात भरवू नका प्लीज. पार्कमधल्या सख्या सागर तलावाच्या काठावर थंडीत मगरी ऊन खात पडलेल्या असतात, तोंड उघडं ठेवून, अजिबात न हलता, त्या नीट बघायला दुर्बीण न्याच, मोबाइलच्या झूमने काही होत नाही.

आणि जीपमध्ये गप्पा नकोत! चितळ एकदम ताठ उभं राहून एकाच दिशेला बघत ओरडायला लागलं किंवा झाडावरून वानर खोकल्यासारखं ओरडलं की गाइडला इंजिन बंद करायला सांगा आणि थांबा, वाघ-बिबट्या जवळपास असल्याची खूण असते ती, आणि आपल्याच बडबडीत ती ऐकू येत नाही.

उघड्या जीपमध्ये वारा जाम लागतो, तर कानटोपी, जॅकेट. कपडे खाकी-मातकट, सेंट नको. ओरिजिनल आयडी घ्या. जुलै ते सप्टेंबर पार्क बंद असतं, तेव्हा प्लॅन करू नका.