कॅल्क्युलसचं मोफत पुस्तक वर्गाला लावण्याआधी

बी.एस्सी. भाग एकच्या मुलांना कॅल्क्युलसचं खुल्या परवान्याचं, म्हणजे लेखकाने वापरायची आणि वाटायची परवानगी दिलेलं, पुस्तक लावणार असाल तर तयारी मे महिन्यातच उरका. प्रवेश सुरू झाले की कुणाला डोकं वर काढता येत नाही. कुठलं पुस्तक घ्यायचं याआधी एक गोष्ट पक्की करा: सगळ्या वर्गाच्या हातात एकच आवृत्ती, एकच फाईल. गेल्या वर्षी सांगलीत आमच्या वर्गाला ‘स्ट्रँगचं कॅल्क्युलस डाउनलोड करा’ एवढंच सांगितलं गेलं. गिल्बर्ट स्ट्रँग यांची दोन पुस्तकं मोफत मिळतात. एक 1991 चं, एमआयटीच्या साइटवर. दुसरं 2016 चं, एडविन हर्मन यांच्यासोबतचं, मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या ओपनस्टॅक्सने तीन खंडांत काढलेलं. काहींनी हे घेतलं, काहींनी ते. वह्या तपासायला घेतल्या तर एकाच क्रमांकाखाली वेगवेगळी गणितं. म्हणून नाव सांगू नका, फाईल द्या.

अभ्यासक्रम शेजारी ठेवून अनुक्रमणिका ताडून बघा, हे सांगायला नको. फक्त अभ्यासक्रम चालू वर्षाचा हवा. अमेरिकन पुस्तकांत एन-व्या डेरिव्हेटिव्हचा लायबनिट्झ थिअरम बहुधा सापडत नाही आणि आपल्याकडे त्यावर हमखास प्रश्न येतो. तेवढ्या नोट्स स्वतः काढा. ओपनस्टॅक्सचा पहिला खंड इंटिग्रेशनच्या उपयोगांवर संपतो आणि दुसरा पुन्हा इंटिग्रेशनपासूनच सुरू होतो. तेवढ्यासाठी मुलांना दुसरा खंड घ्यायला लावू नका.

उत्तरं नीट बघा. आपली बरीच मुलं जत, आटपाडी, विट्याकडून एसटीने येतात. संध्याकाळी घरी अडलं तर विचारायला कुणी नसतं. ओपनस्टॅक्समध्ये फक्त विषम क्रमांकांची उत्तरं आहेत, तीही नुसती उत्तरं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या सीएलपी पुस्तकांसोबत गणितांचा वेगळा संग्रह मिळतो: आधी इशारा, मग उत्तर, मग पूर्ण सोडवणूक. एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी पाहिलेलं नाही. अॅक्टिव्ह कॅल्क्युलस हे आणखी एक मोफत पुस्तक वर्गात गट करून शिकवायला फार चांगलं, पण सोडवलेली उदाहरणं कमी, त्यामुळे घरी एकट्याला जड जातं. कीस्लर यांचं इन्फिनिटेसिमलवर, म्हणजे अतिसूक्ष्म संख्यांवर, उभं केलेलं पुस्तक शिक्षकाने जरूर वाचावं. परीक्षेला मात्र लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या विचारतात, तेव्हा मुलांच्या हातात ते एकटं देऊ नका.

आणि सीएलपी घ्या, एपेक्स नावाचं मोफत पुस्तक घ्या, काहीही घ्या, आवृत्ती एकच. ही पुस्तकं लेखक दुरुस्त करत राहतात, तोच त्यांचा मोठा गुण आहे. पण दुरुस्तीत एखादं गणित वाढलं की पुढचे क्रमांक सरकतात. फाईल स्वतः डाउनलोड करा, नावात वर्ष घाला, तीच वर्षभर वापरा. मध्येच नवी आली तरी हात लावायचा नाही, पुढच्या जूनला बघू. गृहपाठ पान क्रमांकावर देऊ नका. वेबवर पानंच नसतात आणि पीडीएफच्या पानाचा आकडा छापलेल्या आकड्याशी जुळेलच असं नाही. प्रकरण, भाग, गणिताचा क्रमांक आणि गणिताचे पहिले दोन शब्द फळ्यावर लिहा.

चिन्हांचं एक पान करा. बारावीच्या पुस्तकात लॉग म्हणजे ई पायाचा लॉग. ओपनस्टॅक्समध्ये त्यासाठी एलएन (ln) येतं आणि मुलं तिथेच बिचकतात. सीएलपीत मात्र आपल्यासारखाच लॉग आहे. कोसेकसाठी तीनच अक्षरं (csc) दिसतील. वर फेकलेल्या चेंडूच्या गणितात उंची फुटांत, म्हणून वेळेच्या वर्गाआधी (t²) 4.9 ऐवजी 16. हे आधी सांगितलं नाही तर पोरं पुस्तकच चुकलंय म्हणतात.

परवाना वाचा. मोफत म्हणजे खुलं नव्हे. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पण म्हणून ती बदलून वाटता येत नाहीत. ओपनस्टॅक्सच्या कॅल्क्युलसला श्रेय देऊन बदल करता येतात, मराठी टिपा जोडता येतात. मात्र ते धंद्यासाठी वापरायचं नाही आणि बदललेलं त्याच परवान्याखाली द्यायचं. ‘बदल नको’ अशी अट असलेल्या पुस्तकाचं भाषांतर वाटता येत नाही, हे मराठी नोट्स काढायला बसण्याआधी बघा, नंतर नव्हे.

छपाई. ओपनस्टॅक्सचा पहिला खंड आठशेच्या वर पानांचा आहे, अख्खा काढू नका. लागणारी प्रकरणं पाठपोट, स्पायरल बाइंडिंग, दोन प्रती ग्रंथालयात. झेरॉक्सवाल्याला पेनड्राइव्ह तुम्ही द्या. मुलाच्या मोबाइलमधली फाईल दिलीत की पुन्हा दुसरी आवृत्ती घुसली.

बाकी पटापट. फाईल व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून पिन करा. साध्या फोनवर उघडते का बघा. रेंज नसलेल्यांना ब्लूटूथने द्या. पहिल्या तासाला सगळ्यांना मुखपृष्ठ उघडायला लावा, बाकांमधून फिरून प्रत्येकाच्या फाईलचं वर्ष स्वतः वाचा, आणि मगच पहिला गृहपाठ द्या.