'क्वो वादिस' वाचायला घेताय? आधी शेवटचा फर्मा बघा

पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायचं. शेवट वाचायला नव्हे. शेवट आहे ना, एवढं बघायला. मी 31 वर्षं शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली, फर्मे (एका कागदाच्या घडीतली सोळा पानं म्हणजे एक फर्मा) मोजल्याशिवाय पुस्तक बाहेर जाऊ दिलं नाही, आणि डेक्कनच्या फुटपाथवर 60 रुपयांना मिळालेली 'क्वो वादिस' ही रोमच्या नीरो बादशहाच्या काळातली कादंबरी मात्र न बघताच पिशवीत टाकली. शेवटचा फर्मा नव्हताच. माझी प्रत संपत होती ती नायक व्हिनिशियसने सिसिलीहून लिहिलेल्या पत्रापाशी. त्याची लाडकी ख्रिस्ती लिगिया जिवानिशी बचावली, लग्न झालं, दोघं सुखात, सगळं गोड. मला वाटलं, झाली कादंबरी. दुसऱ्या शनिवारी आमच्या वाचनगटात मी ठणकावून सांगितलं, की लेखकाने नीरोच्या दरबारातल्या पेट्रोनियसला जिवंत ठेवलं हे मला फार आवडलं. गटातल्या नर्सबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग त्या शिरा कुणी कापून घेतल्या, ताई?"

सगळ्या हसल्या. पोह्यांची बशी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले ती बराच वेळ आलेच नाही.

तेव्हा ही पहिली सूचना. पेट्रोनियसचा शेवट आणि त्यामागून उपसंहारात नीरोचा, एवढं तुमच्या प्रतीत असेल तरच पैसे द्या.

आता पुस्तकाबद्दल थोडं. लेखक पोलंडचे हेन्रिक शेन्केविच. कादंबरी वॉर्साच्या वर्तमानपत्रातून 1895-96 मध्ये क्रमशः आली आणि 1896 मध्ये पुस्तक झालं. 1905 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते या एका कादंबरीसाठी मिळालं असं लोक बिनदिक्कत सांगतात. तसं नाही, एकूण महाकाव्यसदृश लेखनासाठी मिळालं. तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता, 1795 पासून तो तीन शेजाऱ्यांनी वाटून खाल्लेला, वॉर्सा तेव्हा रशियाच्या झारकडे. लिगिया ज्या टोळीची राजकन्या दाखवली आहे ती टोळी आजच्या पोलंडच्या भूमीवर राहत होती असं मानतात. रोमच्या ताब्यातली ओलीस पोरगी आणि तिच्यासाठी जिवावर उदार झालेला तिचा दांडगा सेवक उर्सूस यांच्याकडे वॉर्सातला वाचक कोणत्या नजरेने बघत असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. साधारण त्याच काळात आपल्या पुण्यात हरिभाऊ आपटे 'करमणूक'मधून 'उषःकाल' क्रमशः छापत होते. गोऱ्यांच्या राज्यात शिवकाळ लिहायचा आणि झारच्या राज्यात नीरोचा काळ लिहायचा, यामागची खोच एकच.

क्रमशः आलेली कादंबरी क्रमशःच वाचावी. प्रकरणं 70हून जास्त आहेत. रोज दोन घ्या, महिना-सव्वा महिना लागेल. मी पहिल्यांदा चार दिवसांत फडशा पाडला आणि सगळी ग्रीक-रोमन नावं एकमेकांत कालवली गेली. दुसऱ्या वेळी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहून ती खूण म्हणून ठेवली. पहिली शंभरेक पानं या पत्रिकेवाचून जाऊ नका.

नावांपुढे नातीही लिहा. पेट्रोनियस हा व्हिनिशियसचा सख्खा मामा, आईचा भाऊ. इंग्रजीत ते नुसतं 'अंकल' होतं आणि चव जाते. मामा म्हटलं की भाच्याचे लाड, भाच्याची चेष्टा, भाच्याच्या भानगडीत नको तितका रस, सगळं आपोआप जागेवर बसतं. लिगिया हवी म्हणून भाचा हट्ट धरतो आणि मामा नीरोच्या कानाला लागून तिला पाळणाऱ्या घरातून उचलून आणवतो. कादंबरीतलं पहिलं पाप मामाचं आहे, हे विसरू नका.

फुटपाथवर बहुतेक मिळतं ते जेरेमाया कर्टिन यांचं 1896चं इंग्रजी भाषांतर. त्यातले 'दाऊ' आणि 'दी' बघून पुष्कळजण पहिल्या पानावरच पुस्तक मिटतात. माझी युक्ती अशी : संवाद मनात मराठीत म्हणायचा आणि तिथे 'अरे' बसतं की 'अहो', हे आपणच ठरवायचं. कर्टिन यांच्या भाषांतरात सगळे सगळ्यांना एकाच मापाने बोलतात. आपल्याला मात्र ठरवावंच लागतं. युनिस ही पेट्रोनियसची गुलाम. ती त्याला 'अहो' म्हणेल. ती 'अरे' कधी म्हणू लागेल? मी पेन्सिल घेऊन शोधत गेले. शेवटच्या मेजवानीत, दोघांच्या हातांच्या शिरा उघडल्यावर, माझ्या मनातल्या मराठीत ती पहिल्यांदा 'अरे' म्हणाली.

रोमचा नकाशा शोधत बसू नका, पुण्यावर बसवा. टायबर म्हणजे मुठा. टेकडीवर राजवाडे, खाली दाट वस्ती, आणि नदीपलीकडे गरिबांची, परक्यांची आळी. लिगिया पळून जाते ती तिकडेच. शहराचे विभाग 14. नीरोच्या काळात रोमला लागलेल्या मोठ्या आगीत फक्त चार शाबूत राहिले आणि तीन साफ जमीनदोस्त झाले, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. चौदा पेठांतल्या चार उरल्या असं म्हणा, म्हणजे पोटात गोळा येतो की नाही बघा.

प्रेमकथेच्या मागे फार लागू नका, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. व्हिनिशियस आधी माजोरी, मग बावरलेला, मग ख्रिस्ताचा भक्त. पुढचं वळण दहा पानं आधी कळतं. लिगिया तर देव्हाऱ्यातली मूर्ती. तिने केलेली एक गोष्ट तेवढी मला आवडते. व्हिनिशियस भान हरपून बोलत असतो आणि ती उत्तर न देता बोरूने वाळूत मासा काढते. बिचाऱ्याला अर्थच लागत नाही. ग्रीकमध्ये 'मासा' या शब्दाची अक्षरं म्हणजे येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा, या शब्दांची आद्याक्षरं. ही उकल त्याला पुढे भेटतो तो खिलो नावाचा भामटा करून देतो.

कादंबरी या खिलोची आणि मामाची आहे. यांची नावं पत्रिकेवर लाल शाईने लिहा.

मामाचा एक प्रसंग सावकाश वाचा. समुद्रकाठच्या अँटियम गावी नीरो ट्रॉयच्या दहनावरची स्वतःची कविता वाचतो. सगळे वाहवा करतात. पेट्रोनियस म्हणतो, ओळी टाकाऊ आहेत, आगीत घालायच्या लायकीच्या. सभा गारठते. मग तो शांतपणे पुढे म्हणतो, की व्हर्जिलने लिहिल्या असत्या तर चालल्या असत्या, होमरलाही शोभल्या असत्या, तुला नाही शोभत. तुझ्या वर्णनातली आग पुरेशी जळत नाही. काय ही खुशामत! छापखान्यात मी चाळीसेक कवींची प्रुफं वाचली असतील, कवीला नेमकं कुठे गुदगुल्या होतात ते मला ठाऊक आहे, पण असा हात मी पाहिला नाही. नीरो विरघळतो. आणि मग त्याला रुखरुख लागते, की आपण जळतं शहर कधी पाहिलंच नाही. नीरोच्या पहारेकरी फौजेचा प्रमुख टिजेलिनस लगेच पुढे होतो. मामाने आग लावली नाही, पण काडी कुणाच्या हातात दिली, हे वाचकाने आपलं आपण समजून घ्यायचं. लेखक बोट दाखवत नाही. इथे मी पानाच्या कडेला उभी रेघ मारली आहे.

खिलो याच्या उलट. फाटका, भुकेला, तोंडाळ, तत्त्वज्ञ म्हणवणारा खबऱ्या. त्याने पूर्वी ग्लॉकस नावाच्या ख्रिस्ती वैद्याची बायकामुलं विकून टाकलेली. पुढे व्हिनिशियस त्याला 300 फटके देववतो आणि त्या वळांचा सूड म्हणून, आगीचा आळ ख्रिस्ती लोकांवर येतो तेव्हा, तो त्या सगळ्यांची नावं दरबाराला पुरवतो. पालखीत बसू लागतो. आणि मग नीरोच्या बागेतली ती रात्र येते. खांबांना बांधून माणसं पेटवलेली, आणि त्यांतल्या एका खांबावर ग्लॉकस. खिलो खालून क्षमा मागतो. वरून उत्तर येतं, क्षमा केली. तेव्हा हा भित्रा माणूस भर गर्दीत नीरोकडे बोट दाखवून ओरडतो, की आग लावणारा हा! पुढे त्याची जीभ कापली जाते, तो क्रुसावर जातो. सातशे चांगल्या माणसांच्या श्रद्धेने मला जे पटलं नाही ते या एका वाईट माणसाने पटवलं. माझं मत विचाराल तर ते एवढंच आहे.

चांगली माणसं का पटत नाहीत तेही सांगते. ख्रिस्ती लोकांना आखाड्यात मारतात त्या प्रकरणांत ती एकाच साच्यातून काढल्यासारखी मरतात, वर बघत, गात. घाबरणारं, ऐन वेळी नाकारणारं माणूस जवळून जवळजवळ दिसत नाही. ही प्रकरणं एकामागून एक येतात. दिवसाउजेडी वाचा आणि मध्ये दोन दिवस काहीतरी हलकं घ्या. दुसरी गोष्ट जास्त टोचते. सुरुवातीला पेट्रोनियस युनिसला भाच्याला देऊन टाकतो. ती पाया पडून म्हणते, मला याच घरात राहू द्या. हुकूम मोडला म्हणून तिला 25 फटके, आणि तेही कातडी खराब होणार नाही अशा बेताने! हे वाक्य मी तीनदा वाचलं. लेखकाला मामाचा रसिकपणा दाखवायचा आहे. मला तिथे मामा कायमचा कळला, आणि लेखकही थोडा कळला.

इतिहासासाठी दोन खुणा करा. मी समासात 'ट' आणि 'ले' लिहिते : ट म्हणजे टॅसिटस, ले म्हणजे लेखकाच्या पदरचं. आग लागली ते साल इ.स. 64, जुलैची 18-19 तारखेची रात्र : ट. नीरो तेव्हा अँटियमला होता : ट. चोखंदळपणाचा दरबारी पंच पेट्रोनियस आणि 66 मध्ये कुमे इथे त्याचा मृत्यू : ट. लिगियाला पाळणारी पोंपोनिया, जिच्यावर 57 मध्ये परक्या पंथाचा आरोप आला आणि जिचा न्याय नवऱ्यानेच केला : तीही ट. व्हिनिशियस, लिगिया, उर्सूस, खिलो : ले. नीरोने आग लावली हे टॅसिटस ठामपणे म्हणत नाही. दोन्ही मतं आहेत म्हणतो. नीरोने बेघरांसाठी बागा उघडल्या आणि धान्याचा भाव उतरवला हेही तोच लिहितो. आणि तरी शहर जळताना राजा गात होता ही वदंता पसरलीच.

वदंता कशी पसरते ते मला आईने शिकवलं. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं. पुराइतकीच तिला त्यानंतरची धावपळ आठवायची. पाणी ओसरलेलं, आणि कुणीतरी नुसतं "पाणी आलं!" ओरडायचं, की सगळी आळी चपला टाकून पर्वतीकडे. कोण ओरडलं ते कधीच कळायचं नाही. आगीची प्रकरणं वाचताना मला ज्वाळांपेक्षा हेच दिसत राहिलं.

जाता जाता : ही माणसं रोमच्या प्रसिद्ध दगडी आखाड्यात, 'कलोसियममध्ये' मेली असं गटात कुणी म्हणालं तर थांबवा. कलोसियमचं बांधकाम इ.स. 70च्या दशकात, नीरो मेल्यानंतर सुरू झालं. कादंबरीत लाकडी रंगमंडळ उभारलं आहे ते बरोबर आहे. रोम जळताना नीरो फिडल वाजवत होता हे तर विसराच, तेव्हा ते वाद्यच नव्हतं.

नर्सबाई राहतात पंचहौदला, पवित्र नाम देवालयाच्या लाल मनोऱ्याच्या सावलीत. 1890 मध्ये तिथल्याच मिशनमध्ये चहा प्यायल्यावरून टिळक-रानड्यांसकट अर्ध्या पुण्यावर प्रायश्चित्ताची पाळी आली होती. त्यांनी मला दोन गोष्टी दुरुस्त करायला लावल्या. एक, येशूचा शिष्य 'पीटर' नाही, मराठी बायबलात तो 'पेत्र' आहे आणि 'पॉल' हा 'पौल'. ही नावं घेतलीत तर पुस्तक एकदम आपल्या भाषेत येतं. दुसरी गोष्ट, दफनभूमीतलं पेत्राचं रात्रीचं भाषण मी भरभर उलटलं होतं. त्या म्हणाल्या, मोठ्याने वाचा. वाचलं. व्हिनिशियस तिथे काहीतरी नवं तत्त्वज्ञान ऐकायला मिळेल म्हणून गेलेला असतो, आणि एक म्हातारा कोळी फक्त आपण काय पाहिलं ते सांगतो. युक्तिवाद नाहीच. मी पाहिलं, मी तिथे होतो. वाचनापेक्षा ते ऐकण्यातच कळतं.

कादंबरीला जिथून नाव मिळालं ते पान शेवटाकडे येतं. पेत्र रोम सोडून निघालेला, वाटेत ख्रिस्त समोरून येताना दिसतो, आणि पेत्र विचारतो, 'प्रभू, कुठे निघालात?' लॅटिनमध्ये 'क्वो वादिस' म्हणजे हेच. आमच्याकडे बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारत नाहीत, काम फिसकटतं म्हणतात. इथे विचारणाऱ्याचाच रस्ता फिरतो. पेत्राच्या सोबतच्या पोराला मात्र उजेडापलीकडे काही दिसलेलं नसतं. पेत्र उठून रोमकडे वळतो तेव्हा तो पोरगा तोच प्रश्न पेत्राला विचारतो. हे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, माझ्याही सुटलं होतं.

गटात बोलायचं असेल तर पत्रिकेच्या उरलेल्या जागेत तीनच ओळी लिहा : कोण पटलं, कोण नाही, कुठे रेघ मारली. कथासार सांगत बसू नका, वीस मिनिटं जातात आणि पोहे गार होतात.

माझी प्रत कुणाला हवी असेल तर देईन. शेवटची सोळा पानं नर्सबाईंच्या प्रतीवरून झेरॉक्स करून खळीने चिकटवली आहेत. तेवढी जपून उलटा, खळ पातळ झाली होती.