कुंपणापलीकडे कायोटी? या चुका टाळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात घर घेताना ‘मागे ओपन स्पेस आहे’, म्हणजे बांधकाम नसलेलं रान आहे, म्हणून चार पैसे जास्त मोजायचे, आणि पहिल्याच महिन्यात तिथून कायोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद) डोकावला की ग्रुपवर ‘लांडगा! कोणाला फोन करू?’ असा गजर करायचा. दरवर्षी नवे लोक, चुका त्याच. दहा-पंधरा किलोचा प्राणी आहे हो! तो राहतोच तिथे. आपल्या हातात आहे ते कुंपणाच्या अलीकडचं.

सगळ्यात मोठा घोळ खाण्यापिण्याचा. ओळखीच्या एका काकूंनी पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवलं, तेही कुंपणाबाहेर, पार्कच्या हद्दीत. पितृपक्ष संपला, पान चालूच राहिलं. उरलेली पोळी, दहीभात, रविवारी चिकनची हाडं. कावळे आले, मग उंदीर, मग कायोटी. आधी पहाटे यायचा, मग भरदुपारी, आणि वसंतात नातवंडं अंगणात खेळत असताना कुंपणाशी बसून वाट बघायला लागला. तेव्हा काकूंना घाम फुटला. मागणी काय, तर ‘पकडून लांब सोडा’. कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय वन्यप्राणी उचलून दुसरीकडे सोडणं बेकायदा आहे आणि त्याला खायला घालणंही. पार्कच्या रेंजरने (रक्षकाने) दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. शिवाय एक नेला की रिकाम्या जागेत दुसरा येतो. मग पान बंद, अंजिराखालचा सडा रोज उचलायचा, पक्ष्यांच्या दाण्याचा डबा उतरवायचा आणि दिसला की हाकलायचा. चार दिवस झाले नाहीत तोच काकू विचारायला लागल्या, ‘अजून किती दिवस?’ सवय लावायला महिने घेतले, ती मोडायला आठवडा कसा पुरेल? पान ठेवायचंच असेल तर आपल्या अंगणात ठेवा, समोर उभे राहा आणि कावळा शिवला की लगेच आत घ्या.

हे किरकोळ वाटणाऱ्यांनी कॅनडातल्या व्हँकूव्हरचं स्टॅनली पार्क आठवावं. डिसेंबर २०२० नंतरच्या काही महिन्यांत तिथे ४० हून अधिक लोकांना कायोटी चावले. लोकांचं खायला घालणं हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. मारले गेले ते अर्थात कायोटी.

हाकलणं म्हणजे खिडकीतून ‘शूक शूक’ नव्हे. बाहेर या, हात उंचावून ओरडा, होजचं पाणी मारा आणि तो नजरेआड होईपर्यंत थांबू नका. अर्ध्यात थांबलात तर ही माणसं दोन मिनिटांत दमतात, एवढंच तो शिकतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांवर पैसे उधळणारे खूप पाहिले. मी स्टीलची थाळी आणि उलथनं दारामागे ठेवते.

मात्र हे शौर्य घरी. वसंत-उन्हाळ्यात पिल्लं असतात. ट्रेलवर कायोटी अंतर ठेवून मागे मागे चालत असेल, तर बहुतेकदा तो तुम्हाला पिल्लांपासून लांब पोचवत असतो. त्याच्या अंगावर धावून जाऊ नका, पळूही नका. कुत्रा लहान असेल तर उचला, कायोटीकडे तोंड ठेवून मागे सरका आणि आल्या वाटेने परत फिरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडियो पार्कमध्ये या काळात काही वाटा कुत्र्यांसाठी बंद असतात. ‘पाचच मिनिटं’ म्हणून पाटीशेजारून घुसणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

कुत्र्याचा पट्टा सहा फुटांचा हवा, लांब-आखूड होणारा नको. मांजर घरात. कुंपण निदान सहा फूट, आणि तो खालून उकरतो म्हणून जाळी जमिनीत बाहेरच्या बाजूला वळवलेली. उंदरांना विष घालू नका. विष खाल्लेला उंदीर कायोटी खातो, घुबडही खातं, आणि तुमच्या अंगणातले उंदीर फुकटात कमी करणारे हेच दोघे.

नुसता दिसला तर रेंजरला कळवा. वेळ, जागा, कुत्रा सोबत होता का, कायोटी नेमकं काय करत होता. चावला तर जखम साबणाने धुवा, ९११ ला फोन करा, रेबीजसाठी डॉक्टर गाठा. व्हिडिओ नंतर.