सर्व्हर नसलेल्या ऑफिसात सामाईक कॅलेंडर: पावसाळ्याआधी करायची तयारी

कोल्हापुरात शाहूपुरीतलं आमचं कर सल्लागाराचं ऑफिस पाच माणसांचं. पाच कॉम्प्युटर, एक राउटर. एवढ्यासाठी सर्व्हर घेणं परवडत नाही, पण कोण कुठे गेलंय आणि कुठली तारीख जवळ आलीय हे पाचही जणांना दिसायलाच हवं.

आधी कागद घ्या आणि कुठलं कॅलेंडर कोणाचं ते लिहून काढा. हे मुद्दाम पहिलं सांगतोय. आम्ही सुरुवातीला एकच फाइल ठेवली होती, सगळेच तिच्यात लिहायचे. एकदा दोघांनी ती एकाच वेळी उघडली, नंतर सेव्ह करणाऱ्याची फाइल राहिली आणि आधीच्याची नोंद गेली. ती नोंद एका अपिलाच्या सुनावणीची होती. कॅलेंडरची डॉट आयसीएस फाइल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्येही उघडतो. एक नोंद बदलली तरी अख्खी फाइल नव्याने लिहिली जाते, आणि दोघांचे बदल जुळवून घ्यायला मध्ये कोणी नसतं. म्हणून ज्याची त्याची फाइल वेगळी. लिहिणार तो एकटाच, बाकीच्यांनी फक्त वाचायची. ऑफिसच्या तारखांची सहावी फाइलही एकाच माणसाच्या ताब्यात द्या.

फाइली एकमेकांकडे पोचवायला आम्ही सिंकथिंग वापरतो; हा प्रोग्रॅम वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवरची फोल्डरं आपोआप सारखी ठेवतो. एका कॉम्प्युटरवरचं शेअर्ड फोल्डरही चालतं, पण तो कॉम्प्युटर बंद असला की सगळेच अडतात. सिंकथिंगमध्ये प्रत्येकाकडे स्वतःची प्रत राहते. मात्र देवाणघेवाणीसाठी दोन मशीन एकाच वेळी चालू लागतात, तेव्हा दुपारी जेवायला जाताना कॉम्प्युटर बंद करू नका. प्रत्येकाच्या फाइलीला वेगळं फोल्डर करा; आपलं फोल्डर ‘फक्त पाठवा’ आणि दुसऱ्यांचं ‘फक्त घ्या’ असं ठेवा.

कॅलेंडर बघायला आम्ही थंडरबर्ड हा मेल-कॅलेंडरचा प्रोग्रॅम वापरतो. त्यात दुसऱ्याची फाइल इम्पोर्ट करू नका. इम्पोर्ट केली की त्या दिवसापुरती नक्कल येते, पुढचे बदल येत नाहीत. ती नेटवर्कवरचं कॅलेंडर म्हणून जोडा आणि फक्त वाचण्यासाठीची खूण करा. प्रत्येक मशीनचा टाइम झोनही बघा. तो चुकला तर सकाळी ११ ची भेट पहाटे साडेपाचला दिसू शकते.

आता ऑफिसच्या तारखा. टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरायची ७, दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ हे जीएसटीचं रिटर्न ११ ला, जीएसटीआर-३बी २० ला. या दरमहा आपोआप येतील अशा लावा. मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत असतो, तेवढी नोंद हाताने बदला. मुदतवाढ मिळाली तर त्या महिन्याचीच नोंद सरकवा, पूर्ण मालिका नको.

सणांना हा नियम लागत नाही. जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे तिथीवर. ‘दरवर्षी’ लावली की पुढच्या वर्षी तारीख चुकणारच. दसरा, ललिता पंचमीही तशीच, दर गुढीपाडव्याला पंचांग बघून भरा. अंबाबाईचा किरणोत्सव (मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात तो) मात्र सूर्याच्या चालीवर असल्याने जानेवारीअखेरीस आणि ९ नोव्हेंबरच्या सुमारास येतोच. त्या दिवसांत संध्याकाळी महाद्वार रोडच्या बाजूला भेट ठेवू नका.

पुराचं जूनमध्येच बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता; अशा वेळी माणसं घरी अडकतात आणि तारखा तर चालूच राहतात. म्हणून निदान दोघांच्या घरच्या कॉम्प्युटरवर हीच फोल्डरं जोडून ठेवा, इंटरनेटवरून ती चालतात. आणि सिंकथिंग हा बॅकअप नव्हे: मालकाने चुकून पुसलेली फाइल सगळीकडची पुसली जाते. दर शनिवारी सहाही फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि तो ड्राइव्ह ऑफिसात ठेवू नका.

शेवटी दोन दिवस चाचणी. प्रत्येकाने एक खोटी नोंद टाकायची, तिची वेळ बदलायची, मग पुसायची, आणि बाकी चौघांच्या पडद्यावर ते दिसलं का हे खुर्चीपाशी जाऊन बघायचं. फोल्डरात नावामध्ये ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असलेली फाइल दिसली तर कोणीतरी दुसऱ्याच्या कॅलेंडरात लिहिलंय असं समजा, आणि ती पुसण्याआधी आतली नोंद मालकाला दाखवा.